मिस्त्रीची स्वतःची सायकल



आपल्या जबलपुरात सायकलच्या दुकानाबाहेर रंगीबेरंगी, गिअरच्या सायकली ओळीने लावलेल्या असतात. दुकान बंद करून मिस्त्री घरी निघतो तो मात्र बहुधा पोलादी फ्रेमच्या साध्या सायकलवर. दिवसभर सगळ्या तऱ्हेच्या सायकली खोलणाऱ्या माणसाची ही निवड आहे, म्हणून तिला मोल आहे.

हे गाव धातू ओळखतं. गन कॅरेज फॅक्टरी इथे 1904 पासून आहे. पुढे खमरिया आणि व्हेइकल फॅक्टरी आल्या. फिटर, टर्नर, वेल्डर रांझीच्या रस्त्याने सायकलवरच कामावर जात. पोलाद तुटण्याआधी वाकतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

ॲल्युमिनियम हलकं असतं, यात शंका नाही. पण खड्ड्यांचे बारीक हिसकेसुद्धा त्याच्यात साठत जातात आणि एक दिवस जोडाजवळ चीर दिसते. पोलादावर ठरावीक मर्यादेच्या आतला ताण लाखो वेळा आला तरी ते थकत नाही. शिवाय दुरुस्ती! पोलाद सुमारे 1500 अंशांना वितळतं, पितळ 900च्या आसपास. म्हणून नळ्यांना धक्का न लावता पितळेने सांधा भरता येतो, आणि गॅसची बत्ती असलेला कुठलाही कसबी वेल्डर ते करतो. ॲल्युमिनियमच्या जोडाला आर्गॉन वायू लागतो, बऱ्याचदा नंतर फ्रेम भट्टीतही घालावी लागते. कटंगीच्या वाटेवर हे कोण करून देणार?

1923 साली मुंबईहून निघून सायकलवर जगप्रदक्षिणा करणाऱ्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा यांच्या सायकली पोलादीच होत्या. आजही लांबच्या प्रवासाला निघणारे कितीतरी सायकलस्वार क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची फ्रेम मागतात. तिच्या नळ्या पातळ, म्हणून वजनही आटोक्यात.

मात्र सगळंच पोलादाचं असावं असं मी म्हणणार नाही. पावसात पोलादी रिमवर ब्रेक घसरतो, आणि उतारावर ते जिवावर बेतू शकतं. फ्रेम पोलादाची, पण रिम ॲल्युमिनियमची, ही जोडी मला सर्वांत शहाणी वाटते.

राहिला गंज. तो बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतून जास्त खातो. पावसाळ्याआधी सीट काढून खालच्या नळीत थोडं तेल सोडा, आणि सायकल भिजली तर उलटी करून पाणी निथळू द्या.