धारचे जप्तीप्रकरण : राजद्रोह कोणाचा?

माळव्यातील धार व देवास ही नावे महाराष्ट्राला परकी नाहीत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजांबरोबर नर्मदा ओलांडून गेलेल्या पवार घराण्याने ही राज्ये उभी केली. धारला उदाजी व आनंदराव यांची शाखा नांदली. देवासला तुकोजी व जिवाजी या दोघा भावांची. धारच्या लाल दगडी किल्ल्यात राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई आश्रयास असता १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पेशवाईच्या शेवटच्या पेशव्याचे जन्मस्थान असलेला हाच किल्ला १८५७ साली एका मोठ्या कायदेशीर प्रश्नाचे निमित्त ठरला. कराराने इंग्रजांशी बांधलेला राजा हा इंग्रजांचा प्रजाजन होतो काय? होत नसेल, तर राजद्रोहाची शिक्षा त्याला कोणत्या कायद्याने द्यावयाची?

हा प्रश्न नीट उमगण्यासाठी प्रथम इंग्लंडच्या जुन्या कायद्याकडे वळले पाहिजे. तिसऱ्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दीत १३५१ साली राजद्रोहाचा कायदा झाला. राजाच्या वधाचा बेत करणे, त्याच्या राज्यात त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारणे, त्याच्या शत्रूस साहाय्य करणे हे त्यातील प्रमुख अपराध होत. या अपराधाची शिक्षा देहदंडाने संपत नसे. अपराध्याची जमीन राजाकडे जाई आणि त्याचे रक्त दूषित झाले असे मानून मुलाबाळांचा वारसाही बुडे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर गुन्हा बापाचा आणि उताऱ्यावरून नाव कमी होई ते मुलाचे. कित्येकदा तर पार्लमेंट खटला न चालविता केवळ कायदा संमत करून एखाद्यास दोषी ठरवीत असे.

इंग्रजी सत्तेच्या विस्तारास या तरतुदीचा फार उपयोग झाला, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. १६०७ साली आयर्लंडच्या उत्तर भागातील सरदार देश सोडून गेले. त्यांना राजद्रोही ठरवून त्यांच्या जमिनी जप्त करण्यात आल्या आणि तेथे इंग्लंड व स्कॉटलंडमधील लोकांच्या वसाहती वसविण्यात आल्या. १७४५ च्या उठावानंतर स्कॉटलंडमध्येही बंडात सामील झालेल्या सरदारांच्या जहागिरी गेल्या. त्यांपैकी सरकारने आपल्याकडे ठेवलेल्या जहागिरी त्या त्या घराण्यांना परत मिळण्यास १७८४ साल उजाडावे लागले. प्रत्यक्ष इंग्लंडात राजद्रोहासाठी मालमत्ता जप्त करण्याची ही रीत १८७० साली रद्द झाली. म्हणजे धारचे प्रकरण घडले तेव्हा ती तेथे कायद्याच्या पुस्तकात जिवंत होती.

आता माळव्याकडे येऊ. पेंढाऱ्यांचे युद्ध संपताच इंग्रजांनी येथील संस्थानिकांशी करार केले. देवासच्या दोन्ही राजांशी मिळून डिसेंबर १८१८ मध्ये करार झाला. धारशी १० जानेवारी १८१९ रोजी झाला. संस्थानाने इंग्रजांच्या आधिपत्याखाली सहकार्याने वागावे व इंग्रजांनी त्याचे रक्षण करावे, असा त्याचा आशय होता. राज्यातील दिवाणी व फौजदारी अंमल मात्र राजाचाच राहिला. देवासची गंमत अशी की, एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस होते. दोन्ही बाजूंची न्यायालये, फौजा, एवढेच नव्हे तर पाणीपुरवठाही वेगवेगळा असल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. करारातून मिळालेली सत्ता कागदावर पूर्ण आणि व्यवहारात किती चिमुकली असू शकते, याचे देवासइतके बोलके उदाहरण विरळा.

१८५७ च्या मे महिन्यात धारचे राजे यशवंतराव निधन पावले आणि अवघे तेरा वर्षांचे आनंदराव गादीवर आले. कारभार दिवाण रामचंद्र बापूजी यांच्या हाती होता. उत्तरेत उठाव पेटला होता. १ जुलै रोजी इंदूरला होळकरांच्या शिपायांनी इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला केला आणि गव्हर्नर जनरलचे प्रभारी एजंट कर्नल ड्युरंड यांना इंदूर सोडून जावे लागले. राज्याच्या संरक्षणार्थ म्हणून धार दरबाराने अरब, मकराणी व अफगाण शिपाई भाड्याने ठेवले होते. पगारी नोकर आणि धनी यांच्यातील नाते अशा काळात फार वेळ टिकत नाही. भोपावर व सरदारपूर येथील इंग्रजी ठाण्यांवर हल्ले झाले आणि ऑगस्टअखेर या शिपायांनी धारचा किल्ला ताब्यात घेतला.

पावसाळा सरल्यावर इंग्रजी फौज महूहून निघाली व २२ ऑक्टोबर रोजी धारला पोहोचली. तोफांनी तटास खिंडार पडले. परंतु ३१ ऑक्टोबरच्या रात्री फौज आत शिरली तेव्हा किल्ला रिकामा होता. आतील शिपाई निसटून गेले होते. ज्यांनी शस्त्र धरले ते हाती लागले नाहीत आणि ड्युरंड यांनी राज्य जप्त केले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही आपली म्हण येथे आठवल्यावाचून राहत नाही. दरबारातील काही वडीलधाऱ्यांचे बंडवाल्यांशी संधान होते असा इंग्रजांना संशय होता, आणि तो सर्वस्वी निराधार होता असेही म्हणवत नाही. तथापि त्या संशयाची शिक्षा झाली ती गादीवरील मुलास.

वास्तविक या बाबतीत इंग्रजांचा स्वतःचा कायदा स्पष्ट होता. सात ते चौदा वर्षांच्या मुलास गंभीर गुन्ह्याची समज नसते असे त्यांची न्यायालये शतकानुशतके गृहीत धरीत आली होती. तशी समज होती हे सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असे. लंडनच्या रस्त्यावर चोरी करताना सापडलेल्या तेरा वर्षांच्या पोरास या नियमाचा आधार घेता येत होता. धारच्या तेरा वर्षांच्या राजास तो मिळाला नाही, कारण त्याच्यावर खटलाच झाला नाही. जप्तीचा हुकूम देणारे अधिकारी चार महिन्यांपूर्वी याच उठावामुळे रेसिडेन्सी सोडून गेले होते, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पीडित, फिर्यादी आणि न्यायाधीश अशा तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या.

हा निर्णय इंग्लंडात सर्वांना पटला नाही. कंपनीच्या संचालकांनी १८५८ साली जप्तीस नापसंती दर्शविली. त्यांचा मुद्दा साधा पण बिनतोड होता. ग्वाल्हेर व इंदूर यांसारख्या बलाढ्य दरबारांनाही आपापले शिपाई आवरता आले नाहीत आणि त्यांना कोणी शिक्षा केली नाही. मग दुबळ्या धारला तेवढ्यासाठी राज्य गमवावयास का लावावे? खुद्द कंपनीच्या पलटणी तरी कोठे कंपनीच्या आज्ञेत राहिल्या होत्या?

दुसरीकडे, धारच्या शेजारच्या अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांच्या वाट्यास अशी रदबदली आली नाही. त्यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूर येथे फाशी देण्यात आले आणि अमझेरा ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेला. हे गाव आज धार जिल्ह्यातच आहे. बख्तावरसिंहांनी उघडपणे शस्त्र उचलले होते, त्यामुळे दोन्ही प्रकरणे एका मापाने मोजता येणार नाहीत. परंतु धारसाठी लंडनमध्ये बोलणारी माणसे निघाली आणि अमझेऱ्यासाठी निघाली नाहीत, हाही फरक होताच.

देवासच्या दोन्ही पाती या वादळातून सुखरूप राहिल्या. पुढे थोरल्या पातीचे तुकोजीराव राज्यावरील कर्जामुळे इंग्रज सरकारच्या चौकशीच्या फेऱ्यात सापडले, तेव्हा त्यांनी जेथे इंग्रजांचा कायदा चालत नव्हता अशा फ्रेंचांच्या पाँडिचेरीचा आश्रय घेतला. १९३७ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

धार परत देण्याचा निर्णय १८६० साली झाला. तरीही दिरंगाई इतकी झाली की जॉन डिकिन्सन या इंग्रज लेखकास १८६४ साली 'धार परत दिलेले नाही' अशा अर्थाच्या मथळ्याची पुस्तिका लंडनमध्ये छापावी लागली. आनंदरावांना पुढे राज्य मिळाले, १८७७ साली महाराजा ही व्यक्तिगत पदवीही मिळाली, आणि १८९८ पर्यंत ते गादीवर होते. बैरसिया परगणा मात्र परत आला नाही. तो १८६० सालीच भोपाळच्या बेगमांना देण्यात आला होता. आज बैरसिया ही भोपाळ जिल्ह्यातील एक तहसील आहे.