‘कुणाला सांगू नका’ म्हणणारा फोन

आज ‘डिजिटल अरेस्ट’बद्दल बोलू. शब्द भारदस्त आहे, पण आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितलं होतं. तरी माणसं फसतात, आणि ती अडाणी नसतात. मी तीस वर्षं बँकेत काढली. आमच्या काउंटरवर असे आलेले लोक म्हणजे निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, अगदी लेखापालसुद्धा! त्यामुळे ‘आपण कसले फसतोय’ हे आधी डोक्यातून काढा.

लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल. पद्मभूषण, तेव्हा वय 82. 2024 मध्ये त्यांचे 7 कोटी रुपये याच पद्धतीने गेले. समोरचे लोक स्वतःला सीबीआयचे म्हणवत होते. स्काइपवरून पहारा होता, आणि चक्क खोटं सर्वोच्च न्यायालय भरवलं होतं, खोट्या सरन्यायाधीशांसकट. पुढे पोलिसांनी 5 कोटींहून जास्त रक्कम परत मिळवली, पण असं नशीब सगळ्यांचं नसतं.

फोन साधारण असा येतो. ‘तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय’ किंवा ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडलेत.’ मग फोन ‘मुंबई पोलिसां’कडे जोडून दिला जातो. व्हिडिओवर वर्दीतला माणूस, मागे तिरंगा, टेबलावर फायली. व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्याचं वॉरंट येतं. इंदूर, बडोदा, हैदराबादला राहणाऱ्या आपल्या माणसांना तर मुंबई पोलीस म्हटलं की जास्तच खरं वाटतं, कारण जुनं खातं किंवा वडिलोपार्जित घर खरोखरच तिकडे असतं.

यानंतरचं वाक्य नीट ऐका. ‘प्रकरण गोपनीय आहे, घरच्यांनाही सांगायचं नाही, कॅमेरा बंद करायचा नाही.’ वर्दी, शिक्का, न्यायालय हा देखावा झाला. खरं हत्यार हे वाक्य आहे. शेजारच्या खोलीतल्या सुनेला एकदा विचारलं असतं, तर पाच मिनिटांत फुगा फुटला असता. म्हणून ते आधी माणसाला एकटं पाडतात.

आणि कायदा काय म्हणतो? नेमकं उलट! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार खरी अटक झाली, तर पोलिसांनी तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला लगेच कळवायचं असतं. संविधानाचं कलम 22 वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क देतं आणि 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायला सांगतं. म्हणजे जो ‘कुणाला सांगू नका’ म्हणतो, तो पोलीस नाही. एवढी एकच खूण आई-वडिलांना सांगून ठेवा. पासवर्ड आणि अ‍ॅपच्या गोष्टी त्यांना लक्षात राहतील न राहतील, ही राहील.

आमच्या शाखेत एक गृहस्थ मुदत ठेव मोडायला आले. रक्कम मोठी, घाई फार. कारण विचारलं तर पाठ केल्यासारखं उत्तर, ‘नातवाचं शिक्षण.’ शर्टाच्या खिशात मोबाइल उभा, कॅमेरा बाहेर. मी काही न बोलता कागदावर लिहिलं, ‘फोनवर कोणी ऐकतंय का? नुसती मान हलवा.’ त्यांनी हलवली. आणि डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. चार दिवस बायकोलासुद्धा बोलले नव्हते. बँकेतला माणूस चौकशी करतो तेव्हा आपल्याला राग येतो, ‘माझे पैसे, तुला काय करायचंय?’ असं वाटतं. विचारू द्या त्याला.

पैसे गेलेच, तर रडत बसायला वेळ नाही. 1930 हा क्रमांक देशभर चालतो. गेलेली रक्कम काही मिनिटांत भाड्याच्या खात्यांमधून पुढे पुढे सरकत असते. 1930 वर नोंद झाली की वाटेतल्या ज्या खात्यात ती अजून शिल्लक असेल, तिथे ती अडकवली जाते. म्हणून मुलगा ऑफिसमधून येईपर्यंत थांबू नका. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार होते.

बेळगावात राहता, खातं पुण्यात, पैसे गेले तिसऱ्याच राज्यात. मग पोलीस ठाणं कुठलं? जवळचं. ‘झिरो एफआयआर’ कुठेही नोंदवता येतो. ‘आमची हद्द नाही’ असं ऐकवलं, तर हा शब्द उच्चारा. शांतपणे, पण उच्चारा.

एक शेवटचं. तक्रारीनंतर काही दिवसांनी अजून एक फोन येऊ शकतो. ‘तुमचे पैसे सापडलेत, सोडवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा.’ बोलणारा कधी वकील असतो, कधी ‘सायबर अधिकारी’. फसलेल्यांच्या याद्या या धंद्यात विकल्या जातात. गोठवलेली रक्कम परत मिळवायची रीतसर वाट पोलीस, बँक आणि न्यायालय यांच्यातून जाते. तिथे कुणाच्या यूपीआयवर शुल्क भरावं लागत नाही.