टॅली घ्या
(पडघा येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



गोदीत माल उतरला की टॅली होते. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पेटीवरचं लेबल काय बोलतं ते वेगळं, आत काय निघतं ते वेगळं. मराठीतल्या मासिकांची अशी टॅली आपण कधी घेतली? कोण लिहितो, किती वेळा लिहितो, कुणावर लिहितो?

१९६९ साली लिटल मॅगझिनवाल्या पोरांनी 'सत्यकथे'ची होळी केली. राजा ढाले त्यात पुढे. बरंच केलं! पण 'सत्यकथा' १९८२ ला बंद पडली तरी तिचे जुने अंक ग्रंथालयांत बांधून ठेवलेत, अनुक्रमणिकेसकट. राख झाली ती थोड्या अंकांची. हिशेब बाकीच हाय.

परदेशात या मोजणीचं शास्त्र झालंय. लोटका नावाच्या माणसानं १९२६ साली रसायनशास्त्रज्ञांची नावं मोजली. शंभरातले साठेक एकदाच लिहून थांबलेले, आणि मूठभर पुन्हा पुन्हा छापून येणारे. म्हंजे 'एकदाच'चा रकाना सगळीकडंच लांब. आपल्याकडं त्या रकान्यात कोण बसलंय बघा. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवेचा निबंध आला, मांगमहारांच्या दुःखावर. जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली पोर. दोन अंकांत छापला. तिचं दुसरं लिखाण आपल्या हाती नाही. लोटकाच्या कागदावर ती फक्त एक रेघ. रसायनवाला थांबला असेल दुसरी नोकरी लागली म्हणून. ही पोर थांबली का थांबवली, ते रेघ बोलत नाही.

चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ ते १८८१, ८४ अंक, जवळजवळ एकहाती. बाबासाहेबांचं 'बहिष्कृत भारत' १९२७ ते १९२९, तेही बहुतेक एकहाती. मोजणारा दोन्हींपुढं एकच शेरा मारील : लेखक एक. अरे, पण चिपळूणकरांच्या पुण्यात लिहिणाऱ्यांची वानवा नव्हती! बाबासाहेबांच्या भोवतीच्या माणसांना पाटीच उशिरा मिळालेली. आकडा सारखा, कारण साफ उलटं.

आणि लेबलं? 'मूकनायक' निघालं ३१ जानेवारी १९२० ला. संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं, लेखणी बाबासाहेबांची. नुसती छापील नावं मोजली तर बाबासाहेब शून्य! आडनावावरून जात ठरवून आकडे मांडणाऱ्यांनी तर बाबूराव बागुलांच्या पुस्तकाचं नाव आठवावं, 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. म्हणून आडनावावर टॅली नको. माणसाला विचारा, नायतर रकाना कोरा ठेवा.

२००२ साली गोपाळ गुरूंनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लिहिलं की समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र अशी वर्णव्यवस्था आहे. २०१८ मध्ये तेच त्या साप्ताहिकाचे संपादक झाले. खुर्ची बदलली ही मोठी गोष्ट. पण टॅली खुर्चीची नसते, पानांची असते. म्हणून माझा रकाना वेगळा : आमच्यावर लेख किती, आणि आमचे लेख किती. आणि आमचे असतील तर कसले? आत्मकथनाला सगळे जागा देतात. 'रडा, आम्ही छापतो.' पण आमच्यातल्या कुणी ज्ञानेश्वरीवर, अर्थशास्त्रावर, चित्रकलेवर लिहिलं तर? तो रकाना मोजा, साला, मग कळेल.

आता जरा घरात. आपल्याच अनियतकालिकांत बायांची नावं किती? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 'आम्हीही इतिहास घडवला' हे नाव द्यावं लागलं १९८९ साली. त्यातला 'ही' कुणाला उद्देशून होता? फक्त सदाशिव पेठेला नव्हता. आपले अंकही टॅलीत धरा. पहिल्यांदा तेच धरा.

पडघ्याहून भिवंडी काही लांब नाही, तिथून मुंबईही नाही. प्रत्येकानं एक मासिक, दहा वर्षांचे अंक घ्यायचे. वहीत चार रकाने : नाव, किती वेळा, विषय, कुणाविषयी. कपाटाला कुलूप असलं तर किल्ली कुणाकडं असते तेही लिहून आणा.