कात्री लावण्याआधी

सुरगाणा तालुक्यात शिवणकाम करणाऱ्या आम्ही बाया आज तुमच्याशी बोलणार आहोत. भात-नागलीची कामं उरकली असतील, काहीजणी दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला निघायच्या तयारीत असतील. घरातलं कुणी आजारी, कुणाचं लेकरू तान्हं, म्हणून काहीजणींना जाता येत नाही. गावात बसून दोन पैसे मिळतील असं काम पुष्कळजणी आम्हाला विचारतात. शिवण हे त्यातलं एक काम आहे. पण ते नीट शिकून केलं तरच त्यात पैसे आहेत, म्हणून आज पहिल्या पायऱ्या सांगतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. शिवण तुमच्या हाताला नवीन नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना तुम्ही जो सरळ टाका घालता, तोच धावदोरा. मशीनवर नवं काय शिकायचं, तर पायाची आणि हाताची एक लय आणि कापड कापायची अक्कल. लय आठ-दहा दिवसांत येते. दोरा न लावता रेघा मारलेल्या जुन्या वहीच्या कागदावर मशीन चालवा. रेघेवर भोकं पडली की सरळ टीप जमली. मग गोल रेघ काढा, मग चौकोन. कोपऱ्यावर सुई खाली ठेवायची, दाबपाय उचलायचा, कापड वळवायचं. विजेचा भरवसा नसतो, म्हणून पहिलं मशीन पायाचंच बरं.

सुया वेगवेगळ्या असतात. पातळ कापडाला ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४, गणवेशाच्या जाड कापडाला १६. खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसू लागले, तर बहुतेकदा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा त्याचा ताण सैल असतो. आधी सगळा दोरा काढून परत ओवून बघा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की मशीन गंजतं. ते झाकून ठेवा, मशीनचंच तेल घाला. खायचं तेल चिकट होऊन बसतं.

आता कापड. प्रत्येक कापडाला उभा आणि आडवा धागा असतो. किनारीला समांतर जातो तो उभा. उभ्या धाग्यात कापड फारसं ताणत नाही, आडव्यात थोडं ताणतं आणि तिरपं धरलं तर सगळ्यात जास्त. म्हणून अंगातल्या कपड्याची लांबी उभ्या धाग्यावर धरतात आणि गळ्याला तिरपी कापलेली उरेबपट्टी लावतात. ती गोलाईवर छान वळते. सरळ पट्टी लावली की गळ्याला चुण्या पडतात. दुसरं, सुती कापड आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग मोजा. नाहीतर गिऱ्हाईक पहिल्या धुण्यानंतर आटलेला कपडा घेऊन दारात उभं राहील.

पहिला कपडा म्हणून ब्लाऊज घेऊ नका. त्यात टक्स, मुंढा, बाही, हूक, सगळंच अवघड. आधी बाजाराची पिशवी, मग उशीची खोळ, मग परकर, मग लहान मुलांचं झबलं, मग फ्रॉक. ब्लाऊज त्यानंतर.

परकराचं गणित आज सांगतो. कागद असेल तर लिहून घ्या. सीट, म्हणजे नितंबाचं माप, ४० इंच धरू. परकर नाडीचा असतो, तो सीटवरून सहज चढला पाहिजे, म्हणून वरचा घेर ४२ ठेवू. सहा कळ्या करायच्या, म्हणजे एका कळीला वर ७ इंच. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाणार, म्हणून कापताना वर ८ इंच आणि खाली १४ इंच. तयार परकर ३८ लांब हवा असेल आणि नेफा २ इंचाचा असेल, तर कळी ३६ उरते. खालची घडी आणि वरची शिवण मिळून दीड-दोन इंच वाढवा, म्हणजे ३८ ची कळी कापा.

३६ इंच पन्ह्याच्या कापडावर एक कळी सरळ, शेजारची उलटी, तिसरी परत सरळ, अशा तीन कळ्या एका ओळीत बसतात. अशा दोन ओळी आणि उरलेल्या तुकड्यात नेफ्याची पट्टी. अडीच मीटर कापडात काम होतं. सगळ्या कळ्या सरळ एका दिशेला मांडल्या तर एका ओळीत दोनच बसतात आणि कापड जास्त लागतं. भिजवल्यावर पन्हा कमी भरला तर खालचा घेर थोडा कमी करा, वरचा नको. एका शिवणीला वरून पाच-सहा इंच मोकळं ठेवा, म्हणजे परकर चढवायला सोपं जातं. आणि मांडणी खडूने आखून, दोनदा मोजून, मगच कात्री. शिवण चुकली तर उसवता येते, कातरलेलं जोडता येत नाही.

माप घेण्याबद्दल थोडं. टेप अंगाला टेकलेला हवा, आवळलेला नको. माणसाला सरळ उभं करा, श्वास रोखायला सांगू नका. अंगाचं माप वेगळं आणि कपड्याचं माप वेगळं. मुलाची छाती २६ असेल तर शर्ट ३० चा लागतो, नाहीतर हात वर करता येणार नाहीत. वाढत्या मुलाच्या कपड्याला खालची घडी जाड ठेवली की पुढच्या वर्षी ती उसवून लांबी वाढवता येते. प्रत्येक माप गिऱ्हाइकाच्या नावासह वहीत लिहा.

मापाची किंमत केवढी, हे आपल्या राज्यानं २०२४ मध्ये पाहिलं. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एकसारखा गणवेश देण्याचं ठरलं. कापड राज्यभरासाठी एकत्र घेतलं गेलं आणि महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायांना शिलाई मिळाली. काम चांगलं होतं, पण कितीतरी ठिकाणी गणवेश उशिरा पोचले, मापं जुळली नाहीत. पुढे २०२५-२६ पासून गणवेशाची जबाबदारी परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली गेली. याचा आपल्यासाठी अर्थ असा, की निर्णय पुष्कळसा गावातल्या समितीच्या हातात आहे. गटानं समितीला भेटून शिलाईचं काम मागावं. मुलं गावातलीच, त्यांना समोर उभं करून माप घेता येतं. दूरच्या कारखान्याला ते जमत नाही.

पण दराकडे डोळे उघडे ठेवा. त्या योजनेत स्काऊट-गाईडच्या गणवेशाला शिलाईचे १०० आणि किरकोळ खर्चाचे १० रुपये धरले होते. समजा नव्या हाताला शर्ट-पँटला पाच तास लागले. १०० भागिले ५, म्हणजे तासाला २० रुपये. रोजानं गेलेली बाई यापेक्षा जास्त कमावते. म्हणून काम घेण्याआधी एक नग पूर्ण शिवून घड्याळ बघा, दोरा, काज, बटणं यांचा खर्च मांडा, मग हो म्हणा. कामं वाटून घेतली, एकीनं कापायचं, एकीनं कॉलर, एकीनं काज-बटण, तर वेळ कमी लागतो आणि दर परवडू शकतो.

मशीनसाठी पैसे नाहीत, असंही विचारतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्याचं काम आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर. पुढे ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. घरातल्या एकालाच मिळतं आणि आधीपासून हे काम करणाऱ्यासाठी आहे. म्हणून आजपासून शिवायला लागा. आपल्या भागासाठी अर्ज सुरू आहेत का, ते ग्रामपंचायतीत विचारा. अवजारांच्या व्हाउचरचे पैसे परत करायचे नसतात, कर्जाचे करायचे असतात. हा फरक सही करण्याआधी समजून घ्या.

आणि एक. एका पाड्यावर दहा मशीनं आली आणि दहाही बाया ब्लाऊजच शिवू लागल्या, तर गिऱ्हाईक कुठून येणार? ठरवून वाटून घ्या. एकीनं फॉल-पिको, एकीनं मुलांचे कपडे, एकीनं पिशव्या आणि दुरुस्ती. चेन बदलणं, उसवलेलं शिवणं ही छोटी कामं वर्षभर येतात आणि हातही त्यातच बसतो.

या आठवड्यात एवढंच करा. घरातला एक जुना परकर उसवा, कळ्या मोजा आणि आज सांगितलेल्या मापाशी ताडून पाहा. काय जुळलं आणि काय नाही, ते गटाच्या बैठकीत मांडा. पुढच्या वेळी झबलं आणि उरेबपट्टी घेऊ. येतो आम्ही. राम राम.