टाचेतील रक्ताचा थेंब



मुलाची बुद्धी वाढत नाही असे दिसले की पहिला आरोप आईवर येतो. कोणी ग्रहणाचे नाव घेतो, कोणी पूर्वजन्मीच्या पापाचे. विज्ञानाचे उत्तर निराळे आहे, आणि ते एका आईच्याच हट्टातून निघाले. नॉर्वेत १९३४ साली दोन बाधित मुलांच्या आईने आस्ब्यर्न फोलिंग या डॉक्टरांकडे मुलांच्या अंगाला येणाऱ्या विचित्र वासाचे कारण विचारले. फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले. ती हिरवी झाली. हाच फिनाइलकीटोनुरिया. आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले की यकृतातील एक विकर काम करीत नाही. प्रथिनांतील फिनाइलअॅलनिन रक्तात साचते व वाढत्या मेंदूची हानी करते.

उपचारासाठी जनुक सापडण्याची वाट पाहावी लागली नाही. हा घटक अत्यल्प असलेल्या आहाराने गुण येतो, हे बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल व सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखविले. मात्र आहार जन्मानंतर लवकरच सुरू व्हावा लागतो. म्हणून रॉबर्ट गथ्री यांनी तान्ह्याच्या टाचेतील रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन करावयाची चाचणी शोधली.

येथे बाजार आडवा आला. संशोधनाला पैसा अमेरिकन सरकारचा, विक्रीची मक्तेदारी मात्र खाजगी कंपनीची ठरू लागली. ५०० बालकांसाठीचा जो संच गथ्री ६ डॉलरांत तयार करीत, त्याला कंपनीने २६२ डॉलर मागितले. गथ्री यांनी तक्रार केली आणि सरकारने ती मक्तेदारी नाकारली. हे घडले भांडवलशाहीच्या माहेरघरी!

भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात हा रोग आहे. २०२२ साली मदतीची मर्यादा ५० लाख रुपये झाली. लोकवर्गणीसाठी सरकारनेच संकेतस्थळही उघडले, म्हणजे राज्यसंस्थेने स्वतःच दानपेटी मांडली. प्रत्येक नवजात बालकाच्या रक्ताची सक्तीची तपासणी मात्र देशभर नाही. मेंदूची हानी झाल्यावर मिळालेले लाखो रुपये ती हानी भरून काढू शकत नाहीत.

रोग विरळा आहे, हा आक्षेप टिकत नाही. त्याच टिपकागदावर जन्मजात थायरॉइडची उणीवही ओळखता येते. ती कितीतरी अधिक बालकांत आढळते, आणि तिच्यावरची गोळी स्वस्त आहे. जिल्हा रुग्णालयात जन्मलेले मूल घरी जाण्यापूर्वी ही तपासणी का होत नाही, हे कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारावे, आणि आमदारांनी अर्थसंकल्पी अधिवेशनात.