गोळी बदलण्याची वेळ



आम्ही डॉक्टर नव्हे. कारखान्याच्या दारात सभा घेणाऱ्या माणसाने गरोदरपणातील औषधांवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. त्याचे कारण सांगतो. आमच्या एका सभासदाची सून. तिचे मूत्रपिंड बदललेले. दिवस गेल्याचे कळताच, शेजारणीच्या सांगण्यावरून, तिने साऱ्या गोळ्या एकदम बंद केल्या. मग घाबरून मंडळी कागद घेऊन आमच्याकडे आली. कागदावर इशारा होता, पण इंग्रजीत! तिला त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेले. मूत्रपिंड वाचले, मूल राहिले नाही. ते गोळ्यांमुळे गेले की आणखी कशामुळे, हे कोणालाच सांगता आले नाही. तेव्हापासून आम्ही या विषयाचे मिळेल ते वाचू लागलो.

परके मूत्रपिंड शरीर शत्रू समजते. म्हणून शरीराचा पहारा औषधांनी सौम्य करावा लागतो, आणि तोही जन्मभर. परंतु ही औषधे सारी एका माळेची नव्हेत. मायकोफेनोलेट हे पेशींची वाढ रोखणारे औषध. अमेरिकेतील एका नोंदवहीतून 2006 साली प्रसिद्ध झालेली माहिती पाहा: ते घेणाऱ्या, मूत्रपिंड बदललेल्या 18 स्त्रियांची 26 गरोदरपणे, त्यांतली 11 गर्भपातात संपली, 15 मुले जन्मली, आणि त्यांपैकी चौघांत व्यंग होते. आकडा लहान खरा. पण एरवी शंभरांत दोन-तीन मुलांत मोठे व्यंग आढळते, हे ध्यानात घ्यावे. कान नीट न घडणे, ओठ वा टाळू दुभंगणे, अशी ती व्यंगे. पुढच्याच वर्षी तेथील सरकारी औषध खात्याने इशारा दिला.

खरी अडचण वेळेची आहे. बाळाचे अवयव पहिल्या दोन महिन्यांत घडू लागतात. पाळी चुकल्याचे लक्षात येते तोवर काम सुरू झालेले असते. म्हणून हे औषध दिवस जाण्याच्या निदान सहा आठवडे आधी थांबवावे लागते. संपाला आम्ही चौदा दिवसांची नोटीस देतो. येथे सहा आठवड्यांची लागते, इतकेच!

थांबवायचे म्हणजे बदलायचे, टाकून द्यायचे नव्हे. त्याच्या जागी बहुधा अझाथायोप्रिन देतात. ते दशकानुदशके गरोदरपणात वापरले गेले आहे; त्याला कामाला लावणारे विकर गर्भाच्या यकृतात नसते, असे डॉक्टर सांगतात. टॅक्रोलिमसही रक्तातले प्रमाण तपासत चालू ठेवतात. नव्या गोळीवर मूत्रपिंड टिकते की नाही, हे पाहायला आणखी काही महिने जातात. तरीही रक्तदाब, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांचा धोका राहतोच. संधिवातावरील मेथोट्रेक्सेटही आधीच थांबवावे लागते. आणि कोणी नकळत गरोदर राहिलीच, तर गोळीला स्वतः हात न लावता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ती सून परवा कचेरीत येऊन गेली. गोळी बदलून पाच महिने झाले. डॉक्टरांनी अजून थांबायला सांगितले आहे. त्या इशाऱ्याचा मराठी कागद आम्ही छापून घेतला आहे. दाराजवळच्या टेबलावर प्रती ठेवल्या आहेत. पुरुष मंडळींनीही न्याव्यात.