पाचनंतरचं कॉलेज



जून उजाडला की घराघरांत एकच हिशेब चालू होतो. कट-ऑफ कितीवर थांबला, कोणत्या फेरीत नाव लागलं, फी किती, हॉस्टेल मिळणार की खोली बघायची. प्रवेशाच्या रांगेत उभे असलेले पालक प्राध्यापकांची चौकशी करतात, प्लेसमेंटची करतात, कँटीनचीसुद्धा करतात. शेवटचा तास सुटल्यावर या इमारतीत काय चालतं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आजचं बोलणं त्या पाचनंतरच्या कॉलेजाबद्दल आहे. उदाहरण पुण्यातलं घेऊ, आणि तेही नाटकवाल्यांच्या नव्हे, डॉक्टरांच्या कॉलेजाचं.

ससून रुग्णालयाला लागून असलेलं बी. जे. मेडिकल. आधी ती वैद्यकीय शाळा होती, १९४६ साली तिचं कॉलेज झालं. डॉक्टर घडवणं हे तिचं काम, आणि ते ती इमानेइतबारे करत आली. पण विसाव्या शतकातल्या मराठी रंगभूमीचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्यालाही या कॉलेजाच्या फाटकातून आत यावंच लागतं.

श्रीराम लागू इथलेच. फर्ग्युसनमधून ते मेडिकलला आले, कॉलेजात नाटकांतून कामं करू लागले आणि रीतसर कान-नाक-घशाचे सर्जन झाले. १९५१ साली भालबा केळकर आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी केली. पुण्यात तिला सगळे ‘पीडीए’ म्हणत. दिवसा दवाखाना, संध्याकाळी तालीम. पुढच्या शिक्षणासाठी परदेश झाला, नंतर आफ्रिकेत टांझानियातल्या टबोरा गावी डॉक्टरकी झाली. पूर्ण वेळ नट होण्याचा निर्णय त्यांनी घेतला तो १९६९ साली, ‘इथे ओशाळला मृत्यू’च्या वेळी. तेव्हा ते बेचाळिशीच्या उंबरठ्यावर होते. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं.

म्हणजे कॉलेजात लागलेली ओढ पक्क्या निर्णयापर्यंत पोचायला दोन दशकं जावी लागली. अठराव्या वर्षी मुलाला ‘तुझं ध्येय काय?’ असं दरडावून विचारणाऱ्या काकामामांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. ‘लमाण’ हे लागूंचं आत्मचरित्र वाचणाऱ्याला या दोन ओढींची रस्सीखेच पानोपानी भेटते.

याच कॉलेजातली पुढची पिढी. पंढरपुरात जन्मलेले, सोलापुरात वाढलेले जब्बार पटेल मेडिकलसाठी बी. जे.मध्ये आले आणि बालरोगतज्ज्ञ झाले. मोहन आगाशेही इथलेच, ते मनोविकारतज्ज्ञ झाले. तिसरे सतीश आळेकर. ते डॉक्टर नव्हेत. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना कॉलेजच्या नाटकातला त्यांचा अभिनय भालबा केळकरांच्या नजरेत भरला आणि भालबांनी त्यांना पीडीएत बोलावून घेतलं. पुढे जीवरसायनशास्त्रात एम. एस्सी. करून आळेकर बी. जे.मध्येच नोकरीला लागले. कॉलेजं निरनिराळी, पण संध्याकाळ एकाच तालमीत.

१६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल, वय तीस. नाना फडणवीस झालेले आगाशे, वय पंचवीस. दिग्दर्शनाला मदत करणारे आळेकर, वय तेवीस. संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. माणसांची भिंत उभी राहते, मोडते, पुन्हा उभी राहते, अशी ती अवघड रचना. एकाचा पाय चुकला तर सगळी ओळ विस्कटायची.

नाटकावरून वादळ उठलं. एकोणीस प्रयोगांनंतर पीडीएने ते थांबवलं. या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला: ज्या संस्थेनं हात धरून रंगमंचावर आणलं तिचं ऐकायचं, की नाटक पुढे न्यायचं? निम्म्याहून अधिक जण जेमतेम विशीपंचविशीतले. त्यांनी संस्था सोडली, नाटक सोडलं नाही. २७ मार्च १९७३ रोजी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन झाली आणि ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं. विरोध पुढेही झाला. १९८० साली हेच नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेलं.

इतका मोठा निर्णय इतक्या लहान वयात घेता आला, यामागे या मंडळींच्या हुशारीइतकाच त्यांच्या सवयीचा वाटा असावा. तालमीला वेळेवर यायचं. आपलं वाक्य नसलं तरी विंगेत उभं राहायचं. पडलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी सावरायचा. कोणाचा अभिनय फसला हे त्याच्या तोंडावर सांगायचं आणि मग त्याच्याच स्कूटरवर मागे बसून घरी जायचं. परीक्षेत मुलगा एकटा बसतो आणि पास-नापासही एकटाच होतो. तालमीत तसं चालत नाही.

आणि यातल्या कोणी पदवी वाया घालवली, असंही झालं नाही. जब्बार पटेलांनी दौंडला दवाखाना चालवला आणि ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ हे चित्रपटही केले. ‘सामना’त आणि ‘सिंहासन’मध्ये लागू होते, एकाच कॉलेजचे दोन डॉक्टर, एक कॅमेऱ्याच्या मागे, एक पुढे. आगाशे मानसोपचार शिकवत राहिले, महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीत पुढे राहिले. उतारवयातल्या स्मृतिभ्रंशावरच्या ‘अस्तु’त त्यांनी मुख्य भूमिका केली, नैराश्याशी झगडणाऱ्या तरुणाची गोष्ट सांगणाऱ्या ‘कासव’ची निर्मिती केली, आणि ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. तिथे मनोविकारतज्ज्ञ कुठे संपला आणि नाटकवाला कुठे सुरू झाला, ते सांगणं कठीण. आळेकर ‘महानिर्वाण’ आणि ‘बेगम बर्वे’ लिहून पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले.

ही सगळी नावं मोठी. पण पाचनंतरच्या कॉलेजातून बहुसंख्य मुलं निघतात ती बिननावाची, आणि त्यांचं काय होतं हा जास्त महत्त्वाचा प्रश्न.

महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनं १९६३ साली पुण्यात आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. तीच ‘पुरुषोत्तम करंडक’. पावसाळ्यात भरत नाट्य मंदिराबाहेर ‘अरे आवाज कुणाचा’ घुमू लागला की पुणेकर समजतात, पुरुषोत्तम आली. एका एकांकिकेमागे रंगमंचावर असतात त्याहून कितीतरी अधिक मुलं राबत असतात. कोणी लेव्हल्स ठोकतो, कोणी प्रकाशयोजनेचे क्यू पाठ करतो, कोणी मावशीच्या ट्रंकेतून नऊवारी मागून आणतो. यांतली बहुतेक पुढे बँकेत जातात, आयटीत जातात, शाळेत शिकवतात, शेती बघतात. नट होत नाहीत. मात्र साहेब ओरडला तरी पाय न डगमगू देण्याची थोडीफार सवय त्यांना तिथेच लागलेली असते.

हार पचवायचीही. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही असं ठरवलं आणि करंडक कोणालाच दिला नाही. गदारोळ झाला. निर्णय कठोर होता, यात शंका नाही. पण टाळ्या आणि लाइक स्वस्त झालेल्या काळात विशीतल्या मुलांना असा सरळ नकार ऐकायला मिळण्याच्या जागा तरी किती उरल्या आहेत?

आता या चित्राची दुसरी बाजू. तालमीला थांबणं ज्याला परवडतं, त्याच्यासाठीच हे कॉलेज उघडं असतं. तालुक्याच्या गावी सव्वापाचची एसटी चुकली तर मुलीला घरी जायला दुसरी गाडी नाही. कोणाला संध्याकाळी दुकानात उभं राहायचं असतं, कोणाला धार काढायला घरी पोचायचं असतं. त्यांना मिळते ती राष्ट्रीय सेवा योजना. गांधी शताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. तिचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर म्हणजे अनेक मुलींसाठी घराबाहेरचा पहिला मुक्काम. बंधारा घालायचा, शंभर जणांची भाजी चिरायची, रात्री गटचर्चेत उभं राहून चार वाक्यं बोलायची. पहिल्या दिवशी आवाज फुटत नाही, सातव्या दिवशी तीच मुलगी सूत्रसंचालन करते. तिच्यासाठी हेच पाचनंतरचं कॉलेज, फक्त वर्षातून सात दिवसांचं.

तेव्हा प्राचार्यांना एक विनंती. मोठं नाट्यगृह नको, निधीही नको. सभागृहाची, नाहीतर तळमजल्यावरच्या एखाद्या रिकाम्या वर्गाची किल्ली शिपायाकडे रात्री आठपर्यंत राहू द्या. आणि एसटीच्या डेपोला एक पत्र लिहून ती सव्वापाचची गाडी आठवड्यातून दोन दिवस तरी सातला सोडता येईल का, ते विचारा.